पहिली दहा मिनिटं कोणी बोलतच नाही

मी डबिंगचं काम करते. पडद्यावर ओठ हलले की आमचं काम सुरू, मिटले की संपलं. त्यामुळे कुठलाही सिनेमा बघताना माझी नजर आधी माणसाच्या तोंडाकडे जाते, डोळ्यांकडे नंतर. ही खोड आता काही जायची नाही. या खोडीमुळे पुष्कळ चांगले सिनेमे माझ्यासाठी बिघडलेत. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा १९६६ चा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मात्र बिघडत नाही. खरं तर तो पहिला बिघडायला हवा होता. सुरुवातीची दहा मिनिटं त्यात कोणी तोंडच उघडत नाही आणि पुढे बोलायला लागल्यावर निम्म्या लोकांचे ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच काही. माझ्या हाताखालच्या कोणी असा ट्रॅक आणून दिला असता तर मी 'परत कर' म्हणून पाठवून दिला असता.

पहिल्यांदा पाहिला तो व्हीएचएस कॅसेटवर, दादाबरोबर. रिमोट अर्थातच दादाच्या हातात. पडद्यावर कोणी कोणाकडे नुसतं बघत उभं राहिलं की दादा फास्ट फॉरवर्ड करायचा. "टकामका बघतायत नुसते, चल पुढे." अडीच तासांच्या वरचा सिनेमा आम्ही दीड तासात उरकला. शेवटच्या तिहेरी द्वंद्वात तर अजून गंमत. टीव्हीच्या चौकोनात बसावं म्हणून कॅसेटवरचं चित्र दोन्ही बाजूंनी छाटलेलं, त्यामुळे समोरासमोर उभी असलेली तीन माणसं आम्हाला दोन-दोनच्या हप्त्यांत दिसत होती. मी विचारलं, "दादा, तिसरा कुठे गेला?" तो म्हणाला, "पाणी प्यायला."

पुढे डबिंगमध्ये आल्यावर हाच सिनेमा पूर्ण रुंदीत, हेडफोन लावून, एकटीनं पाहिला. तेव्हा कळलं की दादानं जे जे पळवलं होतं, तोच सिनेमा होता.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे, न्यू मेक्सिकोच्या बाजूला दक्षिणेचं सैन्य माघार घेतंय. दोन लाख डॉलरचं सोनं एका थडग्यात पुरलेलं आहे. टुकोला कब्रस्तानाचं नाव ठाऊक, ब्लाँडीला थडग्यावरचं. दोघांनाही एकमेकांचा गळा दाबावासा वाटतो आणि दोघांनाही एकमेकांना जिवंत ठेवावं लागतं. त्यांचा जुना धंदाही असाच भागीदारीचा. टुकोवर इनाम लागलेलं असतं. ब्लाँडी त्याला पकडून देतो, इनाम खिशात घालतो आणि टुको फासात अडकवून घोड्यावर बसवलेला असताना लांबून गोळी घालून दोर तोडतो. पैसे निम्मे-निम्मे. पुढच्या गावात पुन्हा तोच खेळ. या दोघांच्या मागावर तिसरा, एंजल आइज. ज्याचे पैसे घेतले त्याचं काम पुरं करायचं, एवढं एकच तत्त्व त्याच्याकडे आहे आणि ते तो भीती वाटावी इतक्या निष्ठेनं पाळतो.

आता ती दहा मिनिटं. पहिल्या चौकटीत नुसती ओसाड जमीन, डोंगर. वाटतं, निसर्गदृश्य आहे. आणि एक भाजलेला, रापलेला, डोळे बारीक केलेला चेहरा चौकटीत घुसतो आणि अख्खा पडदा व्यापतो. त्याच्यासमोर लांबवर दोन माणसं. तिघं एका उजाड गल्लीत एकमेकांच्या दिशेनं चालत येतात. वारा, बुटांचा आवाज, कुठेतरी कुत्रं. आपण धरून चालतो की आता हे एकमेकांवर गोळ्या झाडणार. जवळ येतात आणि तिघंही वळून एकाच दारात घुसतात. आतून गोळ्यांचा आवाज, आणि खिडकीची काच फोडून टुको बाहेर उडी मारतो, एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात खाता खाता राहिलेलं मटण. चित्र तिथेच गोठतं आणि वर हातानं गिरगटल्यासारखी अक्षरं उमटतात: हा 'अग्ली'. पुढच्या प्रसंगात एंजल आइज एका शेतकऱ्याच्या घरी येऊन, न विचारता, त्याच्या समोर बसून त्याच्याच ताटातलं जेवायला लागतो. चमचा, वाडगं, चावण्याचा आवाज. घरातली बाई-पोरं आधीच उठून गेलेली. मग कुठे पहिलं वाक्य येतं. तोवर यजमान मेलाच आहे हे आपल्याला पक्कं कळलेलं असतं. तो अजून बसलाय एवढंच.

लिओनेचे वडील मूकपटांचे दिग्दर्शक होते, आई मूकपटांतली नटी. रक्तातच होतं म्हणायला हरकत नाही. पण मूकपटाला जे करता येत नव्हतं ते यानं केलं. शांतता दाखवायला आवाज लागतो, हे त्याला नीट कळलं होतं.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग त्यासाठीच. ब्लाँडी एका हॉटेलातल्या वरच्या खोलीत पिस्तूल सुटं करून पुसत बसलाय. बाहेरच्या रस्त्यावरून माघार घेणारं सैन्य चाललंय. गाड्यांची चाकं, घोडे, तोफा, पायांचा एकसुरी धडधडाट. टुकोनं पाठवलेली तीन माणसं हळूहळू जिना चढतायत. त्यांच्या बुटांच्या टाचेला धातूचे काटे आहेत, ते प्रत्येक पावलाला खणकतात, पण बाहेरच्या कल्लोळात ऐकू येत नाहीत. ब्लाँडीच्या हातात पिस्तुलाचे तुकडे. आणि कुठल्यातरी कारणानं बाहेरचं सैन्य थांबतं. सगळा आवाज एकदम बंद. त्या शांततेत दाराबाहेर एकच बारीकसा 'खण्'. जिन्यावरचा माणूसही तिथेच गोठतो, कारण त्यालाही तो ऐकू गेलाय. ब्लाँडीची मान किंचित वळते. सैन्य पुन्हा चालायला लागतं, पण आता खोलीतल्या हातांना घाई आहे.

पुढे काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही, पण एवढं सांगते की दारातल्या तिघांचा हिशेब होतो आणि टुको निवांतपणे खिडकीतून आत आलेला असतो. वर टाचेच्या काट्यांचे दोन प्रकार कोणते हेही समजावून सांगतो, दारातून येणारे आणि खिडकीतून येणारे. मी हा प्रसंग आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मुलांना आधी डोळे मिटून ऐकायला लावते. चित्राशिवाय गोष्ट कळते. कोण कुठे आहे, कोणाला काय ठाऊक आहे, कधी घाम फुटला, सगळं कानानं कळतं.

आता ओठांचं. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरायचा रिवाज नव्हता. जो तो आपापल्या भाषेत बोलायचा आणि सगळं नंतर स्टुडिओत भरलं जायचं. इथे ब्लाँडी झालेला क्लिंट ईस्टवुड इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, मागची स्पॅनिश माणसं त्यांच्या भाषेत. टुको झालेला ईलाय वॉलाक आणि लिओने एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलत, कारण दोघांना समान अशी तीच एक भाषा होती. इंग्रजी संवाद मिकी नॉक्सनं लिहिले. माझ्या दृष्टीनं या सिनेमातला खरा न गायलेला वीर हा. इटालियन बोलणाऱ्या ओठांवर इंग्रजी वाक्य असं बसवायचं, की ते वाक्य म्हणून उभं राहील आणि ओठांतही मावेल. हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. 'मला पैसे नकोत' या एवढ्याशा वाक्यासाठी आम्ही अर्धा तास घालवलेला आहे, कारण समोरच्याचे ओठ शेवटच्या अक्षराला मिटत होते आणि आमचं 'त' उघडं राहत होतं.

मग चुका दिसत असूनही मला त्या का बोचत नाहीत? मला वाटतं, लिओने माणसाचं तोंड बघायला आपल्याला वेळच देत नाही. निकडीच्या क्षणी तो डोळे दाखवतो. फक्त डोळे, भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि जिथे तोंड दिसतं तिथे वॉलाक असतो. वॉलाक म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर घडलेला नट, पन्नाशीचा, आणि त्याला सिनेमाभर धापा टाकायच्या आहेत, चरफडायचंय, कण्हायचंय, खिदळायचंय, मिटक्या मारायच्यात. याला आम्ही रिअॅक्शन म्हणतो आणि डबिंगमध्ये सगळ्यात अवघड काम तेच. संवाद कोणीही म्हणेल. वाळवंटातून मरत मरत परत आलेला माणूस बंदुकांच्या दुकानात शिरतो, पाच-सहा पिस्तुलं सुटी करतो, कानाशी धरून चक्र फिरवून ऐकतो, एकाची नळी, दुसऱ्याचं चक्र जोडून स्वतःचं पिस्तूल बनवतो, तेव्हा तो काय बोलतो ते कोणाला आठवत नाही. ते 'हं', ते नाक ओढणं आठवतं. वॉलाकला बंदुकांतलं काही कळत नव्हतं. तो प्रसंग त्यानं बराचसा आयत्या वेळी रचला. दुकानदाराचा चेहरा बघा, त्यालाही पुढे काय येणार ते ठाऊक नसावं असाच आहे.

डिस्कवर इटालियन ट्रॅक असेल तर एकदा तोही लावा. तिथे ईस्टवुडला एन्रिको मारिया सालेर्नोचा आवाज आहे, टुकोला कार्लो रोमानोचा, एंजल आइज झालेल्या ली व्हॅन क्लीफला एमिलिओ चिगोलीचा. सालेर्नोचा ब्लाँडी जास्त भारदस्त, रंगमंचावरचा वाटतो. ईस्टवुडचा स्वतःचा आवाज कोरडा, जवळजवळ कंटाळलेला. मला कंटाळलेला जास्त आवडतो. पण इटालियन टुको ऐकण्यासारखा आहे, शिव्या अशा काही घरंगळतात की भाषा येत नसली तरी अडत नाही.

एन्निओ मोरिकोनेच्या संगीताबद्दल नवीन काय लिहिणार. ती दोन सुरांची, कोयोटच्या रडण्यासारखी हाक ज्यानं ऐकली नाही असा माणूस मला भेटलेला नाही. सिनेमा न पाहिलेले लोकही ती तोंडानं काढून दाखवतात. मोरिकोने आणि लिओने रोममध्ये एकाच प्राथमिक शाळेत होते. मजा अशी की तीच हाक तिघांना तीन आवाजांत दिलीय: ब्लाँडीला बासरी, एंजल आइजला ओकारिना (मातीचं, पोटफुगं फुंकवाद्य), टुकोला माणसाचा गळा. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. तिघांत माणूस एकच आहे, म्हणून माणसाचा आवाज त्यालाच. ह्यूगो मॉन्टेनेग्रोनं केलेली या धुनेची दुसरी आवृत्ती १९६८ मध्ये अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती, पण ती ऐकून मूळ ऐका. मूळ जास्त रानटी आहे.

त्यातही संगीताचा सगळ्यात क्रूर वापर कैद्यांच्या छावणीत आहे. एंजल आइज तिथे अधिकारी होऊन बसलाय. टुकोकडून कब्रस्तानाचं नाव काढून घ्यायचं म्हणून त्याला खोलीत मारहाण चालू आहे, आणि बाहेर किंकाळ्या जाऊ नयेत म्हणून कैद्यांच्या वाद्यवृंदाला वाजवायला उभं केलंय. गाणं हळवं, सैनिकाचं. वाजवणाऱ्यांना सगळं ठाऊक आहे. एकाच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तो वाजवतोच आहे, कारण थांबला तर आणखी वाईट होईल. आवाज झाकायला आवाज. आमच्या धंद्यात हे रोज करतो आम्ही, मागचा खरखराट झाकायला वर वारा टाकतो, पाऊस टाकतो. तो प्रसंग पाहिल्यापासून ते करताना क्वचित हात थबकतो.

आणि तो चिरूटाचा प्रसंग. टुको आपल्या भावाला भेटतो, जो पाद्री झालाय. बऱ्याच वर्षांनी. आई गेली, वडील आताच गेले, टुको कुठेच नव्हता. भाऊ त्याला सुनावतो. टुको त्याला उलट सुनावतो की आपल्या घरात उपाशी मरायचं नसेल तर दोनच वाटा होत्या, पाद्री व्हा नाही तर दरोडेखोर, आणि माझी वाट जास्त कठीण होती. हातघाई होते. ब्लाँडी हे सगळं दाराआडून बघतो. मग दोघं गाडीवर बसून निघतात आणि टुको आपणहून सांगायला लागतो, भावाचा माझ्यावर केवढा जीव, मला जाऊच देत नव्हता, माझ्यासारख्या भटक्यालाही त्याच्याकडे सूपाचा वाडगा कायम मिळणार. ब्लाँडीला सगळं खोटं आहे हे ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. जेवणावर चिरूट चांगला लागतो असं काहीतरी म्हणून आपला अर्धा ओढलेला चिरूट त्याच्या हातात देतो. टुको झुरका घेतो, आधी तोंड पडलेलं, मग हळूहळू हसू पसरतं.

दादानं हे पळवलं होतं. अर्थात पळवणारच, गाडीवर बसलेली दोन माणसं, बाकी काही नाही. मला विचाराल तर सिनेमा साठ वर्षं टिकलाय तो यामुळे. गोळीबार इटलीतल्या शेकड्यांनी निघालेल्या बाकीच्या वेस्टर्नमध्येही भरपूर आहे, धुळीत लोळणारी माणसं तर त्याहून जास्त. पण एक लबाड दुसऱ्या लबाडाची अब्रू न बोलता राखतो, हे त्यांतल्या किती जणांना सुचलं असतं?

चित्रीकरण अमेरिकेत नाहीच. स्पेनमध्ये, दक्षिणेला आल्मेरियाच्या कोरड्या भागात आणि उत्तरेला बुर्गोस प्रांतात. आतली दृश्यं रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत. टेक्निस्कोप नावाची पद्धत वापरलीय. एरवी ३५ मिमीची एक चौकट फिल्मच्या कडेची चार भोकं खाते, ही दोनच. फिल्म निम्मी लागते, म्हणजे काटकसर. त्यात रुंद पडद्यासाठी लागणाऱ्या खास वाकड्या भिंगांची गरज नाही, साधी भिंगं चालतात, त्यामुळे चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता येतं. ते डोळ्यांचे प्रसिद्ध क्लोजअप असे काटकसरीतून आलेत हे मला फार आवडतं. शिवाय लिओनेचा एक अलिखित नियम आहे, अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनं तो नेमका टिपलाय: चौकटीत जे नाही ते पात्रांनाही दिसत नाही. मोकळ्या रानातून चालणारे दोघं अचानक हजारो सैनिकांच्या छावणीत सापडतात, जणू ती छावणी चौकटीच्या कडेमागे लपून बसली होती. विचार केला तर अशक्य आहे. बघताना शंकाही येत नाही.

त्या छावणीतला पूल उडवण्याची कथा तर धंद्यातल्या कोणाच्याही काळजात धस्स करेल. आर्लान्सा नदीवर पूल बांधला, स्पॅनिश सैन्यानं मदत केली, म्हणून स्फोटाचा मान एका स्पॅनिश कप्तानाला दिला. त्यानं भलत्याच वेळचा 'वाय', म्हणजे 'चल', ऐकला आणि पूल उडवला. कॅमेरे बंद. पूल पुन्हा बांधला गेला, पुन्हा उडवला गेला, आणि आपण पाहतो तो दुसरा. एका शब्दाचा क्यू चुकला तर आमचा टेक जातो. यांचा पूल गेला.

शेवटचं कब्रस्तानही तिथलंच, सॅड हिल. सैनिकांनी दोन दिवसांत पाच हजारांवर खोटी थडगी उभारली, मध्ये दगडांचं गोल रिंगण. पुढे त्यावर माती, गवत चढलं आणि ते सगळं नाहीसं झालं. २०१५ पासून स्थानिक मंडळींनी आणि बाहेरून आलेल्या चाहत्यांनी कुदळी-फावडी घेऊन ते रिंगण खणून काढलं, थडगी पुन्हा लावली. त्यावर २०१७ चा एक माहितीपटही आहे, 'सॅड हिल अनअर्थ्ड', तो जरूर बघा. जिथे कोणीच पुरलेलं नाही असं कब्रस्तान लोक सुट्टीच्या दिवशी घाम गाळून दुरुस्त करतात. चित्रपट टिकण्याचा यापेक्षा वेगळा पुरावा मागणाऱ्याला मी काय सांगू.

त्या कब्रस्तानात टुको धावतो तो प्रसंग, 'एक्स्टसी ऑफ गोल्ड'. तीन-साडेतीन मिनिटं एक माणूस थडग्यांमधून पळतोय, बस. गायिका एड्डा डेल्ओर्सोचा आवाज चढत जातो, शब्द एकही नाही, कॅमेरा इतका गरगरतो की शेवटी थडग्यांच्या नुसत्या रेघा होतात. सुरुवातीला एक कुत्रं मध्येच धावत येतं आणि वॉलाक खरोखर दचकतो. लिओनेनं त्याला न सांगता ते सोडलं होतं. मेटालिका हा अमेरिकन मेटल बँड १९८३ पासून आपले कार्यक्रम याच धुनेनं सुरू करतो, आणि मैफल सुरू व्हायच्या आधीच लोकांच्या अंगावर काटा आणण्याचा हा लबाड उपाय आहे असं माझं मत.

दोष आहेत. नाहीत असं म्हणणारा चाहता आंधळा. जवळजवळ पावणेतीन तासांत बाई म्हणून ठसठशीत एकच प्रसंग, आणि त्यात एंजल आइज तिला मारून माहिती काढतो. बाकी बायका दाराआड. अमेरिकन यादवी युद्धावरचा सिनेमा, आणि गुलामगिरीचा विषय कुठल्या कुठे. लिओनेला युद्धाचा मूर्खपणा दाखवायचाय, तो दारूत बुडालेल्या कप्तानाच्या तोंडून छान दाखवतोही, पण युद्ध कशासाठी होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पुलाच्या आधीचा भाग दर वेळी मला थोडा लांबलेला वाटतो. अंतराचं तर विचारूच नका, घोड्यावरून माणसं कुठूनही कुठेही, कधीही उगवतात.

आता घ्यायचा कुठला. हे नीट वाचा, कारण इथेच बरेच जण फसतात. हा सिनेमा दोन मुख्य रूपांत मिळतो. एक १६१ मिनिटांचा, जो इंग्रजीत मुळात प्रदर्शित झाला. दुसरा १७९ मिनिटांचा, २००३ मध्ये वाढवलेला. वाढीव प्रसंगांना इंग्रजी आवाज नव्हता, म्हणून ईस्टवुड आणि वॉलाक यांना पुन्हा स्टुडिओत बोलावलं. ईस्टवुड सत्तरी ओलांडलेला, वॉलाक सत्त्याऐंशीच्या घरात. व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, त्याला सायमन प्रेस्कॉटनं आवाज दिला. धंद्यातली बाई म्हणून मी या कामाला सलाम करते. पण प्रेक्षक म्हणून? तिशीतल्या ब्लाँडीच्या तोंडातून एकदम आजोबांचा खरखरीत आवाज येतो आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा जुना. वॉलाकची ताकद कमी झालीय, टुकोची धाप आता खरीच लागलेली वाटते. त्यातला एक प्रसंग, टुको गुहेत आपल्या जुन्या साथीदारांना बोलावतो तो, लिओनेनं रोमच्या पहिल्या खेळानंतर स्वतःच काढला होता. तो परत घातल्यानं हॉटेलात आलेली ती तिघं कोण याचा खुलासा होतो. खुलाशाची गरज कोणाला होती?

आवाजाचंही तेच. नव्या ५.१ (चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या) मिश्रणात बंदुकांचे, तोफांचे काही आवाज बदललेत, जास्त खोल, जास्त आजचे. मूळचे आवाज खोटेच होते, ठाऊक आहे मला. पिस्तूल कधीच तोफेसारखं कडाडत नाही. पण ते खोटेपण या सिनेमाचं स्वतःचं आहे. जुना मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक असलेली, १६१ मिनिटांची प्रत शोधा. २०१४ च्या ब्लू-रेवर रंग पिवळट मारलाय, आभाळही कावीळ झाल्यासारखं. ती घेऊन मी पैसे घालवले, तुम्ही घालवू नका. त्यानंतर निघालेल्या, रंग सुधारलेल्या प्रती आहेत, २०२१ ची ४के तर मूळ लांबीची आहे. वाढीव प्रसंग वेगळे, जोडपत्रासारखे असतील तर उत्तम. आधी सिनेमा, मग ते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवट फुटतो.

तिघं रिंगणात. पाच मिनिटांच्या आसपास काहीही होत नाही. लांबून तिघं, मग कमरेपर्यंत, मग हात आणि पिस्तूल, मग चेहरे, मग डोळे, आणि कापण्याची गती वाढत जाते तशी घंटा, गिटार, तुतारी चढत जाते. व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला तुटलेलं आहे, ते पिस्तुलाशी सरकताना जवळून दिसतं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे भांडण तिघांचं आहे आणि प्रत्येकाला वाटतंय की तिसरा आपणच. टुकोची नजर सारखी दोघांत फिरते, कोणावर आधी झाडू. त्याचं पिस्तूल ब्लाँडीनं आदल्या रात्रीच रिकामं करून ठेवलंय हे त्याला ठाऊक नाही.

मग निकाल लागतो, सोनं सापडतं, आणि टुको पुन्हा एकदा फासात, थडग्याच्या डळमळत्या लाकडी खुणेवर पाय टेकून उभा. ब्लाँडी निम्मं सोनं तिथेच ठेवून घोड्यावर बसून लांब जातो, वळतो, गोळी झाडतो, दोर तुटतो, टुको तोंडावर सोन्यात पडतो. हात बांधलेले, घोडा नाही. तो ब्लाँडीच्या मागे धावत सगळी ताकद एकवटून शिवी हासडतो, आणि शिवीच्या शेवटच्या शब्दाला तोंड पूर्ण उघडतं तेवढ्यात त्याच्या गळ्यातून बाहेर पडते ती मोरिकोनेची कोयोटची हाक. शब्द अर्धा टुकोचा, अर्धा वाद्यवृंदाचा. या एका ठिकाणी ओठ आणि आवाज इतके घट्ट बसलेत की मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा लावते.